दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही



कविता लिहिणाऱ्या माणसाला वायरिंगवर बोलताना ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि त्या परीक्षेतही तो फारसा सलोख्याचा नव्हता. तरीही आज मी घरात इलेक्ट्रिशियन बोलावताना काय काळजी घ्यावी, या विषयावर बोलणार आहे. या बाबतीत माझा एकच अधिकार आहे, तो म्हणजे मी फसलो आहे. पोहायला शिकवावं पोहणाऱ्यानं; पण खड्डा कुठे आहे, हे सांगायचा हक्क पडलेल्या माणसालाही असतो.

मी चिपळूणचा. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. ईदचा दुसरा दिवस उजाडला तो पाण्यातच. वाशिष्ठी आणि शिवनदी, दोघी रात्रीतून बाजारपेठेत शिरल्या. आमचं घर तळमजल्याचं. अम्मीला आम्ही पहाटे पाठीवर घेऊन शेजारच्यांच्या माडीवर नेलं. तिथून खिडकीतून पाहत होतो. आधी उंबरा गेला, मग खाटा गेल्या, मग भिंतीवरचे स्विचबोर्ड गेले. माझ्या वह्या गेल्या त्याचं दुःख वेगळं. ते आजचा विषय नाही.

पाणी ओसरलं आणि मागे राहिला चिखल. घराघरांत अंधार. कित्येक दिवस वीज नाही. अशा वेळी माणसाला एकच आस असते, घरात दिवा लागावा. आणि जिथे आस लागलेली असते, तिथे तिचा भाव करणारा माणूस हजर होतोच.

आमच्या गल्लीतही एक गृहस्थ आले. परगावचे. स्वच्छ शर्ट, गळ्यात टेस्टर, हातात डायरी. मला 'अस्सलामु अलैकुम', पलीकडच्या काकांना 'राम राम', कोपऱ्यावरच्या आजींना वाकून नमस्कार. मला म्हणाले, "सर, तुमच्या कविता मी पेपरात वाचल्यात." श्रोतेहो, पुरात घर बुडालेल्या कवीला याहून गोड वाक्य कोणतं ऐकवणार? त्यांनी एक बोर्ड उघडला, आतला गाळ बोटानं काढून मला दाखवला आणि मान हलवली. "सगळं गेलंय सर. एक इंच वायर ठेवता येणार नाही." दुसरं कुठलं उपकरण त्यांनी पिशवीतून काढलंच नाही. पासष्ट हजारांचा आकडा तोंडी सांगितला. मी जागच्या जागी वीस हजार रोख दिले. पावती मागितली नाही. ज्यानं माझी कविता वाचली त्याला पावती कशी मागायची?

चार दिवसांत काम झालं. जुनी वायर त्यांनी दोन पोत्यांत भरली आणि म्हणाले, "भंगाराची झंझट तुम्हाला कशाला?" ती तांब्याची वायर होती, आणि तांब्याचं भंगार किलोवर विकलं जातं, हे मला नंतर समजलं. दिवे लागले. अम्मीनं शेवयांची खीर केली आणि पहिली वाटी त्यांना दिली. मी उरलेले पैसे दिले.

पुढे ऑक्टोबरच्या सुमारास अम्मी म्हणू लागली, "हाताला मुंग्या येतात रे." तिला साखरेचा आजार आहे. आम्हाला वाटलं, शुगरच्या मुंग्या असतील. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या. दोन आठवडे गेले. मग एक दिवस लादी पुसणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाई, तुमचा फ्रिज चावतो." ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून त्यांनी फ्रिजचं दार उघडलं होतं. अम्मीही रोज असंच करत होती. आम्ही आजार तिच्या रक्तात शोधत होतो, आणि तो होता भिंतीत.

मी ओळखीतून एका मुलाला बोलावलं. आयटीआयमधून वीजतंत्री झालेला, पंचविशीचा. मला तो चाचा म्हणतो. त्यानं आल्या आल्या पायात रबरी चप्पल घातली, फ्रिजची पिन काढली आणि पिशवीतून एक टेस्ट लॅम्प काढला. साधा होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला, बल्ब गप्प. मग त्यानं सॉकेटची पट्टी उघडली. हिरवी वायर होती, पण वीतभर. तिचं दुसरं टोक भिंतीत वाकवून ठेवलेलं, कुठेच न जोडलेलं. सगळ्या घरात तीच तऱ्हा. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून आलेली पट्टी मीटरजवळ तशीच लोंबकळत होती.

मग तो मुख्य बोर्डापाशी गेला. "चाचा, ईएलसीबीचे पैसे दिलेत?" मी म्हटलं, "दिलेत की. बसवलाय ना तो." तो म्हणाला, "याच्यावर टी लिहिलेलं बटण कुठाय?" बटण नव्हतं. बसवला होता तो साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता चालू-बंद करायचा खटका. दिसायला दोन्ही सारखेच, किमतीत कित्येक पटींचा फरक. बोलताना आपण ईएलसीबी म्हणतो, त्याच्या डबीवर आता आरसीसीबी असं लिहिलेलं असतं. घरासाठीचा तीस मिलिअँपिअरचा असतो. वीज आपल्या वाटेनं न जाता माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. माझ्या अम्मीच्या आणि मृत्यूच्या मध्ये जे उपकरण उभं राहायला हवं होतं, त्या जागी एक रिकामा खटका होता. मी त्याचेही पैसे मोजले होते.

शेवटी त्या मुलानं विचारलं, "जुनी वायर काढायच्या आधी मेगर लावलं होतं का?" मी विचारलं, "मेगर म्हणजे काय?" तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यानं समजावून सांगितलं. वायरच्या आवरणाची तपासणी करणारं ते यंत्र. पाचशे व्होल्टला आवरणाचा रोध निदान एक मेगओहम भरला पाहिजे. पुरात बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी, ईएलसीबी बदलायलाच हवेत. ते धुऊन-वाळवून पुन्हा वापरू नयेत. पण नळीतली पीव्हीसीची वायर पाण्यात भिजली म्हणून लगेच मरत नाही. जिथे सांधे आहेत, टेप गुंडाळलेली आहे, तिथे पाणी शिरतं. म्हणून वाळू द्यायची, सांधे उघडायचे, मेगर लावायचं आणि मगच काय काढायचं ते ठरवायचं. बोटानं गाळ दाखवून हे ठरत नाही.

आता माझी खरी लाज सांगतो. त्या मुलानं दिवसभर राबून सगळी अर्थिंग जोडून दिली. नवा ईएलसीबी मी दुकानातून आणला, तो बसवला. मजुरी सांगितली बाराशे. आणि मी, ज्यानं परक्या माणसाला वीस हजार न मोजता दिले होते, त्याला म्हटलं, "हजार घे." त्यानं घेतले. रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे रुपये घेऊन गेलो तर म्हणाला, "राहू द्या चाचा, पुढच्या कामाला बोलवा." फसवणूक कशी होते, याचं अर्धं उत्तर यातच आहे. गोड बोलणाऱ्याशी आपण भाव करत नाही, आणि मुकाट्यानं काम करणाऱ्याचे दोनशे रुपये कापतो. मग बाजारात गोड बोलणारे वाढले तर दोष कुणाचा?

त्या पहिल्या गृहस्थांचा फोन तेव्हापासून बंद आहे. तक्रार करायची म्हटली तर माझ्याकडे कागद नाही, बिल नाही, पैसे रोख दिलेले. शब्दांवर भरवसा ठेवायची कवीला सवय असते. पण घरचं काम कागदावर असावं. तर मी शिकलो ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. वीज गेली की आधी दाराबाहेर डोकवा. शेजाऱ्यांकडेही नसेल तर दोष पुरवठ्याचा आहे. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करा, तिला पैसे पडत नाहीत. मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची, मीटरच्या पुढची आपली. एवढं न पाहता माणूस बोलावला, तर खांबावरचा दोष दुरुस्त झाल्याचे पैसे आपण त्याला देऊन बसतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं, ही किरकोळ कामं. त्याला कायद्यानं परवाना लागत नाही. पण नवी वायरिंग, वाढीव पॉइंट, भार वाढवणं हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानं, त्याच्या जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली करायचं असतं. १९५६च्या वीज नियमांत हे होतं, २०१०च्या नियमांत राहिलं आणि २०२३च्या नियमांतही आहे. म्हणून मोठं काम असेल तर परवाना पाहायला मागा. त्याची मुदत पाहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खरा माणूस रागावत नाही. जो रागावतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

तिसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. निदान दोघातिघांकडून लेखी अंदाज घ्या. 'सगळं मिळून एवढे' हा अंदाज नव्हे. किती पॉइंट, पॉइंटला मजुरी किती, वायर किती जाडीची आणि किती बंडलं, कुठल्या कंपनीचे स्विच, ईएलसीबी किती, अर्थिंग धरून की वगळून, हे ओळीनं लिहून घ्या. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारा. अर्थिंग दिसत नाही, म्हणून तिच्यातच सगळ्यात जास्त चोरी होते.

चौथी गोष्ट मालाची. जमेल तर माल आपण आणावा. कारागीर सोबत आला तरी चालेल, पण बिल आपल्या नावाचं, जीएसटीसह, आणि पैसे दुकानात आपण द्यायचे. वायर घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा. आयएसआयची खूण आहे का, जाडी किती चौरस मिलिमीटर. साधारणपणे दिव्या-पंख्यांना दीडची, जड वस्तूंच्या सॉकेटला अडीचची, गिझर-एसीला चारची वापरतात. चारचे पैसे घेऊन अडीचची ओढली, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दिवा लागतो. मग एखाद्या उन्हाळ्यात एसी चालू असताना भिंतीतली वायर तापत जाते, आवरण वितळतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'शॉर्टसर्किटने आग' एवढी एक ओळ येते. त्या ओळीमागे कधी कधी कुणाची तरी दीड-दोन हजारांची चोरी असते.

पाचवी गोष्ट पैशांची. आगाऊ रक्कम मालापुरती द्या. पुढची कामाच्या टप्प्यांनी द्या. थोडी रक्कम, दहा-पंधरा टक्के, काम झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी द्यायची, असं आधीच ठरवून ठेवा. पैसे बँकेतून किंवा मोबाइलवरून दिले की नोंद राहते. नळ्या भिंतीत गाडण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. उद्या खिळा ठोकतानाही तो उपयोगी पडेल. आणि काढलेला जुना माल, तुटका स्विच असो की वायर, तो आपला आहे. कॅपॅसिटर बदलला म्हणाले तर जुना हातात मागा. पंख्याचं वाइंडिंग केलं म्हणाले तर तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, ते बिलावर लिहून घ्या.

सहावी गोष्ट, काम ताब्यात घेण्याची. दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. कारागिराला सांगा, प्रत्येक तीन पिनी सॉकेटवर माझ्यासमोर टेस्ट लॅम्प लाव. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब पेटला पाहिजे. ईएलसीबी चांगला असेल तर तो लगेच पडेल, तीही अर्थिंग असल्याचीच खूण. हे काम त्याच्याकडूनच करवून घ्या, स्वतः करू नका. तुम्ही फक्त ईएलसीबीवरचं टी बटण दाबा. खटका पडला पाहिजे. महिन्यातून एकदा हे करत जा. पण एक ध्यानात ठेवा. टी बटणानं ईएलसीबी चांगला असल्याचं कळतं, अर्थिंग असल्याचं कळत नाही. अर्थिंग नसली तरी बटण काम करतं. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या आहेत. 'बटण दाबलं, पडलं, म्हणजे सगळं ठीक' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

आणि हे सगळं करूनही फसलात तर? पैसे देऊन घेतलेली सेवा ही ग्राहक कायद्यात येते. १९८६च्या कायद्यात येत होती, २०१९च्या कायद्यातही येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. पण आयोगाला लागतो कागद. बिल, अंदाजपत्रक, फोटो, पैशांची नोंद. माझ्याकडे यांतलं काहीच नव्हतं. होती ती फक्त त्यांनी केलेली माझ्या कवितेची तारीफ. ती पुराव्यात धरत नाहीत.

आजकालच्या दोन फसवणुकी याच कुळातल्या आहेत. २०२२ साली पुष्कळांच्या मोबाइलवर संदेश आले, 'तुमचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या अधिकाऱ्याला फोन करा.' फोन केला की पलीकडून सांगतात, अमुक ॲप घ्या, दहा रुपये भरा. आणि खातं रिकामं. वीज कंपनी असा खासगी मोबाइल क्रमांक देऊन बोलावत नाही. दुसरी फसवणूक इंटरनेटवर मिळालेल्या दुरुस्तीवाल्याच्या क्रमांकाची. माणूस यायच्या आधीच 'नोंदणीचे पाच रुपये भरा' म्हणतात, किंवा 'परतावा देतो, पिन टाका' म्हणतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागते, एवढं एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ करून द्या. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३०वर फोन करा.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. फसवणारा दर वेळी आपल्याला अंधारात ठेवूनच फसवतो असं नाही. कधी तो कानाशी लागून म्हणतो, "मीटर थोडा हळू करून देतो. बिल निम्मं येईल." आणि आपल्यातले काही जण घाम पुसत दार लावून घेतात. श्रोतेहो, ही २००३च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खालची चोरी आहे, तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवसापासून तो माणूस आपल्या घराचा मालक होतो. त्यानं किती मागितले, काम कसं केलं, याबद्दल आपण तोंड उघडू शकत नाही. ज्याच्याबरोबर चोरी केली, त्याच्याविरुद्ध फिर्याद कुठल्या तोंडानं करणार?

हे सगळं ऐकून प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे संशयानं पाहू नका, ही माझी हात जोडून विनंती. पुरानंतर आमच्या गावात असेही वायरमन होते, ज्यांची स्वतःची घरं चिखलात होती आणि ते दुसऱ्यांच्या भिंती सुकवत होते. शिडीवर चढून, घामेजल्या हातांनी, विजेशी रोज गाठ घेणारी ही माणसं. त्यांच्या कामातल्या चुकीची शिक्षा पुष्कळदा आधी त्यांनाच भोगावी लागते. त्यांच्याकडून हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. उलट चोख काम करणाऱ्याला, त्याचं काम कुणीतरी तपासून पाहिलं, याचंच समाधान वाटतं. त्या मुलानं परवा मला सांगितलं, "चाचा, तुम्ही आता टेस्ट लॅम्प लावायला सांगता ना, बरं वाटतं. नाहीतर लोक फक्त विचारतात, कधी संपणार?"

अम्मी आता बरी आहे. मुंग्या थांबल्या, गोळ्याही थांबल्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती मला हाक मारते, "अरे, ते बटण दाबलंस का?" मी टी दाबतो. खटका पडतो. घरभर क्षणभर अंधार होतो, आणि त्या अंधारात अम्मी समाधानानं म्हणते, "हां, जिवंत आहे."

तुमच्याही घरात ते बटण आहे का, आज एकदा पाहून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)